आयपीओ भरू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लोकांची इन्कम टॅक्स रिटर्नं भरून देणं हा माझा धंदा. जुलैत समोर बसलेला माणूस पिशवीतून कागद काढता काढता हमखास विचारतो, ‘अमक्याचा आयपीओ येतोय, भरू का? जीएमपी जोरात आहे म्हणे.’

आयपीओ म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांसाठी विक्रीला येणं, आणि लिस्टिंग म्हणजे मग ते शेअर बाजारात दाखल होणं. जीएमपी म्हणजे ग्रे मार्केट प्रीमियम: लिस्टिंगच्या आधी बाजाराबाहेर तोंडी चालणारा, आयपीओच्या भावावरचा जादा भाव. त्याला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची मान्यता नाही की कुठे नोंद नाही. पण तो खरा ठरला असं धरलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच: लागेल का, म्हणजे शेअर आपल्याला मिळतील का?

सप्टेंबर 2024 मध्ये बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ आला. 6,560 कोटींच्या इश्यूला तीन लाख कोटींच्या वर बोली आल्या. भाव 70, लिस्टिंग 150 ला. 214 शेअरचा लॉट (कमीत कमी तेवढ्यांसाठी अर्ज करावा लागतो), म्हणजे 14,980 रुपये घालून पहिल्याच सकाळी सतरा हजारांवर नफा. अर्थात ज्याला लागला त्याला. एवढी मागणी असली की छोट्या गुंतवणूकदारांत म्हाडासारखी सोडत निघते आणि नंबर लागला तर एकच लॉट हातात पडतो. दोन लाखांच्या मर्यादेत तुम्ही एक लॉट भरा नाहीतर तेरा, शक्यता तेवढीच. म्हणून तर बायको, आई, कॉलेजातला मुलगा, सगळ्यांच्या पॅनवर वेगवेगळे अर्ज जातात. त्यात गैर काही नाही, फक्त पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात हवेत.

आता नोव्हेंबर 2021 चा पेटीएम घ्या. भाव 2,150. छोट्यांचा हिस्सा पावणेदोन पटसुद्धा भरला नाही, त्यामुळे अर्ज केलेल्या बऱ्याच जणांना तो लागला. पहिल्या दिवसाचा बंद भाव 1,564! मे 2022 मध्ये एलआयसीनं पॉलिसीधारकांना 60 रुपये सूट देऊन 949 चा शेअर 889 ला दिला, आणि तो बीएसईवर उघडला 867 ला. सगळ्यांना हवा असतो तो आपल्याला मिळत नाही, आणि नको असतो तो पदरात पडतो. व्हॉट्सअॅपवर सरासरी लिस्टिंग गेनचे तक्ते फिरतात, त्यांनी प्रत्येक आयपीओ तुम्हाला सारखाच लागला असं गृहीत धरलेलं असतं. मला त्या तक्त्यांचा फार राग येतो.

एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या आयपीओंबद्दल तर विचारूच नका. 2024 मध्ये दिल्लीतल्या, दोन शोरूम आणि आठ कर्मचारी असलेल्या एका दुचाकी विक्रेत्याच्या 12 कोटींच्या इश्यूला 4,800 कोटींच्या आसपास बोली आल्या होत्या.

प्रॉस्पेक्टस, म्हणजे आयपीओचं माहितीपत्रक, शेकडो पानांचं असतं, सगळं कोणी वाचत नाही. मीही नाही. पण पैसा कुठे जाणार ते पान उघडतोच. ह्युंदाईच्या 2024 च्या आयपीओचे 27,870 कोटी सगळेच्या सगळे कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले, कारण ती आपला हिस्सा विकत होती. तेवढ्यावरून आयपीओ वाईट ठरत नाही; 2019 मध्ये आयआरसीटीसीतही सरकारनं नुसता हिस्साच विकला होता आणि 320 चा शेअर दुपटीनं उघडला. पण विकणारा भाव आणि वेळ स्वतःच्या सोयीनं निवडतो, एवढं ध्यानात ठेवून आकडे वाचावेत.

सेबीनं एप्रिल 2021 ते डिसेंबर 2023 मधले आयपीओ तपासले. वीस टक्क्यांहून जास्त फायदा झाला, तिथे वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मूल्यानं दोन तृतीयांश शेअर आठवड्यात विकले होते. तोटा झाला तिथे एक चतुर्थांशही विकले नाहीत. स्टेटमेंटांत मला नेमकं हेच दिसतं: चांगले शेअर कधीच गेलेले, रडके तसेच पडून.

तेव्हा भरायचाच असेल तर विकायचा की ठेवायचा, हे अलॉटमेंटच्या, म्हणजे शेअर वाटपाच्या आधी ठरवा. आणि नफा झाला तर मला तेव्हाच फोन करा, पुढच्या जुलैत नको. वर्षाच्या आत विकलं की 20 टक्के कर लागतो, अॅडव्हान्स टॅक्स चुकला तर वर व्याज.