रिकाम्या गाडीचं माप

"सायलेन्सरचा पाइप एक्सलच्या वरून नेला न भाऊ, तर भरल्या गाडीत पहिल्याच खड्ड्यात एक्सलनं चेपते." मिस्त्री गाडीखालून बोलला, बाहेर नुसत्या त्याच्या चपला दिसत होत्या.

गाडी मामेभावाची जुनी पिकअप, मागचे पाटे कमी करून खाली बसवलेली, कायले ते त्यालेच माहीत. अमेरिकेत १९६० पासूनच्या शेवरोले सी-१० पिकअप लोक अशाच खाली बसवतात, पण तिकडं एक्सलले वर जायले जागा भेटावी म्हणून चेसीले सी आकाराची खाच पाडून वरून प्लेट वेल्ड करतात, आमच्या भावानं तेवढं काही वाचलं नाही.

मग मिस्त्रीनं काय केलं, गॅरेजसमोरची चार पोरं डाल्यात बसवली अन् एक्सल आन् चेसीच्या मधात हात घातला. आधी चार बोटं जात होती, आता दोन. खालून न्यावा तर ब्रेकरवर घासते. शेवटी पाइप मागच्या चाकाच्या आधीच बाजूले काढला, डिझेलची टाकी अन् ब्रेकचा होज दूर ठेवून, रबरी हँगरवर, कारण इंजिन हालते तसा पाइपही हालला पाहिजे. आवाज थोडा जास्त येते, भाऊ तर त्यावरच खूश.

मले मात्र ती पोरं बसवायची गोष्ट सुटेना. आमच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, भर उन्हाळ्यात बांधला, माप घेतलं तेही कोरड्या नाल्याचंच, आता दर पावसाळ्यात एसटी अलीकडूनच वापस फिरते.

तुमच्याकडचा रपटा जुलैत चालू रायते काय राजेहो?