कागदी लिंबाचा केवडा: फेब्रुवारी ते जुलै

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की लिंबाचं कोडं, म्हणजे त्याला केवडा (लोहाअभावी कोवळी पानं पिवळी पडणं) का पडला ते, सुटलं. सुटलं नव्हतं. त्यातला मातीचा ७.४ हा सामूही (pH, आम्ल-अल्काची मोजपट्टी: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) खोडून टाका. पेनसारख्या मीटरचं टोक मी महिनाभर कोरडं ठेवलं होतं आणि ६.८६ च्या पुडीच्या द्रावणात (मीटर जुळवायला मिळणारं, सामू आधीच ठाऊक असलेलं) ते भलताच आकडा दाखवत होतं. आता टोक ओलं ठेवते आणि मोजण्याआधी ६.८६ आणि ९.१८ अशा दोन्ही पुड्यांवर जुळवून घेते.

नव्यांसाठी थोडक्यात: इंदिरानगरला गच्ची, चौदा इंची कुंडी, तीन वर्षांचं कागदी लिंबू, पाणी सोसायटीच्या बोअरचं. फेब्रुवारीत शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्यागार, जाळी विणल्यासारख्या. खालची जुनी पानं ठणठणीत. नत्र कमी असतं तर उलटं दिसलं असतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. लोहाची अशी उचलाउचल त्याला जमत नाही, म्हणून उपास कोवळ्या पानाला घडतो. फोटो बघून निफाडचे मामा म्हणाले, "अगं, केवडा पडलाय. उसात बघतो की आम्ही. माती आमचीच नेलीस ना, मग?"

माती त्यांच्याच मळ्यातली, काळी, कसदार. तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे निघाले. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. चुनखडी! एक भाग मातीत अडीच भाग डिस्टिल्ड पाणी (बॅटरीवाल्याकडचं) घालून ढवळलं आणि अर्ध्या तासाने मोजलं: ८.२.

गंमत अशी की या मातीत लोह भरपूर आहे. ती बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या खडकाची लेक. पण लोह आहे ते गंजाच्या रूपात, पाण्यात न विरघळणारं. फेरिक लोहाचा एक आयन तीन हायड्रॉक्सिल धरून बसतो आणि सामू एकने वाढला की हायड्रॉक्सिल दहापट होतात. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे पाण्यातले मोकळे फेरिक आयन हजारपट कमी. ६.२ आणि ८.२ मधलं अंतर कागदावर दोनच दिसतं, या आयनांच्या हिशेबात ते दहा लाखपट असतं. झाड मुळातून आम्ल सोडून थोडंफार लोह सोडवून घेतं, पण चुनखडी ते आम्ल तिथल्या तिथे गिळते.

मार्चमध्ये हिराकस (लोहाचं सल्फेट) दिलं, चमचाभर, पाण्यात विरघळवून. दोन दिवसांत मातीवर तांबूस थर. झाडाला लोह द्यायला गेले आणि कुंडीला गंज चढवून बसले. पुढे.

एप्रिल पूर्ण वाया गेला तो लिंबूसत्त्वाने (सायट्रिक आम्लाने) पाण्याचा सामू उतरवण्यात, आणि सविस्तर लिहायचं ते याच चुकीबद्दल. बोअरच्या पाण्याचा सामू ७.८. पंधरा लिटरच्या बादलीत साधारण ५ ग्रॅम लिंबूसत्त्व टाकलं की ६.२ येतो. मी खूश. रोज तेच पाणी. एकदा बादली तशीच राहिली आणि सकाळी सहज मोजलं, तर ७.४. आधी मीटरला शिव्या घातल्या. मग मत्स्यटाकीवाले वापरतात तो केएचचा (पाण्यातलं बायकार्बोनेट मोजायचा) कीट आणला आणि साध्या बोअरच्या पाण्यात थेंब मोजले. रंग बदलायला सतरा थेंब लागले. एक थेंब म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात), म्हणजे ३०० च्या वर बायकार्बोनेट.

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. सामू सांगतो की पाणी या क्षणी कुठे उभं आहे. बायकार्बोनेट सांगतं की ते ढकललं तर किती जोराने परत येईल. आम्ल टाकलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात असेतो सामू खाली दिसतो, रात्रीतून उडाला की वर सरकतो.

पण खरी मेख पुढेच. समजा मी आणखी लिंबूसत्त्व टाकून ते सगळं बायकार्बोनेट मारलं. तरी मागे सायट्रेट उरतं, आणि मातीतल्या जिवाणूंना सायट्रेट म्हणजे आयतं जेवण. ते खाऊन संपवतात आणि बायकार्बोनेट जवळपास होतं तेवढं परत जमा होतं. म्हणजे लिंबूसत्त्वाने क्षार कमी होत नाहीत, ते चार दिवस उसने घेतले जातात. ताकाचंही तेच, लॅक्टेटही जिवाणू खातातच. (शेजारच्या काकूंना हे सांगितलं नाही. त्यांचा कढीपत्ता ताकावर छान आहे, कशाला वाद.) टिकाऊ उतार हवा तर गंधकाम्लासारखं आम्ल लागतं, ज्याचं सल्फेट कोणी असं परत फिरवत नाही. ते मी घरात आणणार नाही, लहान मूल आहे.

जाता जाता, सामूमीटरचं लिंबाशी जुनं नातं आहे. कॅलिफोर्नियात आर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये जे यंत्र बनवलं, ते लिंबाच्या रसाची आम्लता मोजता यावी म्हणूनच. हळदीचा कागदही करून पाहिला. तो सामू ८ च्या बराच वर गेल्यावरच तांबडा होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच जोरावर, आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो तेही. आपल्या कामाला निरुपयोगी.

मेमध्ये गंधक. द्राक्षबागेत भुरीवर मारतात तेच, ८० टक्क्यांचं, मामांकडून पुडीभर. मातीतले जिवाणू गंधकाचं गंधकाम्ल करतात, म्हणजे धोक्याचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. फक्त हिशेब आधी करा: १०० ग्रॅम चुनखडी मारायला ३२ ग्रॅम गंधक. कुंडीत १० किलो माती आणि तिच्यात ५ टक्के चुनखडी धरली, तर १६० ग्रॅम. एवढं टाकलं तर झाडच जाईल. म्हणून कुंडीभर न पसरता कडेला एकच खोल भोक पाडलं आणि शेणखतात चमचाभर कालवून भरलं. सगळी माती सुधारायची नाही, मुळांना एक कोपरा मिळाला तरी पुरे. सोबत ईडीडीएचए चिलेटचं लोह एकदाच (चिलेट म्हणजे लोहाला कवेत धरून विरघळलेलं ठेवणारा रेणू). साधं ईडीटीए चिलेट चुनखडीच्या मातीत लोह सोडून कॅल्शियमला मिठी मारतं, हे मात्र सामू ९ पर्यंत धरून ठेवतं. रंग डाळिंबाच्या रसासारखा, फरशीवर सांडू नका.

जूनअखेर नवी पालवी फिकट पोपटी आली, जाळीशिवाय. मी गंधकाला श्रेय द्यायला निघाले होते, पण इतक्या लवकर ते चिलेटचंच काम असणार. गंधकाला आठवडेच काय, महिनेही लागतात. जुलैत मोजलं: भोकाजवळ ७.१, समोरच्या कडेला ८.१.

पावसाचं पाणी आता २०० लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात धरते. मीटर त्यात बराच वेळ भिरभिरतं, कारण त्यात क्षारच नाहीत, पण केएचचा पहिलाच थेंब रंग पालटतो. सामू कितीही दाखवो, हे पाणी मागे ओढत नाही. समोरच्या इमारतीत हेच पाणी नव्या सिमेंटच्या टाकीत धरलंय, तिथे मीटरने ९.३ दाखवलं. सिमेंटमधला चुना. पिंप प्लॅस्टिकचंच घ्या.

एक गुटी कलम कोकोपीट आणि गांडूळखतात वेगळं लावलंय, त्याला फक्त पिंपाचं पाणी. जुन्या कुंडीला बोअर आणि पिंप आलटून पालटून. दोन्हींचं पुढचं मोजमाप दसऱ्याच्या सुमारास. आई रोज विचारते, "अगं, लिंबं कधी?" सध्या सात आहेत, गोटीएवढी.