फॅक्टोरिओ: वंगण सुरू झाले, आता प्रश्न लाइट ऑइलचा

फॅक्टोरिओ या कारखाने उभारण्याच्या संगणकीय खेळात मागच्या नोंदीत वंगणाअभावी ठप्प असलेली इलेक्ट्रिक इंजिनांची लाइन अखेर अखंड चालू आहे आणि निळ्या बेल्टचे काम पुन्हा हाती घेता आले आहे. हिरव्या सर्किटांचा विस्तार ठरल्याप्रमाणे तारेची तीन यंत्रे आणि सर्किटची दोन या जुन्याच प्रमाणात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. बाकी सगळा वेळ तेलाने खाल्ला.

अॅडव्हान्स्ड प्रक्रियेत एक रिफायनरी कच्च्या तेलापासून दर ५ सेकंदांना २५ एकके हेवी (जड तेल), ४५ लाइट (हलके तेल) आणि ५५ पेट्रोलियम गॅस देते, हे आपल्याला पाठ आहे. २० रिफायनऱ्यांना हेवी क्रॅकिंगचे (हेवीचे लाइट करणारे) ५ आणि लाइट क्रॅकिंगचे (लाइटचा गॅस करणारे) १७ प्लांट हे प्रमाणही चोख आहे. मात्र सगळे तेल गॅसमध्येच उतरवायचे आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते ५ प्लांट सेकंदाला १०० हेवी ओढतात, म्हणजे सगळेच, मग हेवीपासूनच होणाऱ्या वंगणाला उरणार काय? त्यामुळे हेवीची टाकी २०,००० च्या वर असेल तरच क्रॅकिंगकडचा पंप चालू होईल, अशी अट घातली. खेळाच्या २.० आवृत्तीपासून जोडलेली सगळी पाइप एकाच टाकीसारखी वागत असल्याने वंगणाचा प्लांट ओळीत आधी बसवण्यालाही अर्थ उरलेला नाही.

तरीही हेवी पुन्हा आटले. पंप बंद, क्रॅकिंग बंद आणि टाकीत खडखडाट! चाकणला वाहन उद्योगात लाइन बॅलन्सिंग (उत्पादनाच्या टप्प्यांचा वेग जुळवणे) करणाऱ्या मित्राने पडदा पाहिला आणि शेवटच्या टोकाला माल उचलला जातो का, एवढेच विचारले. तो जात नव्हता. गॅसपासून होणाऱ्या प्लास्टिकचे बेल्ट भरले होते, गॅसची टाकी २५,००० वर काठोकाठ होती, आणि एक पदार्थ अडला की रिफायनरी तिन्ही थांबवते. अशी प्रमाणे काढून देणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर मला याचसाठी भावत नाहीत. मागणी अखंड आहे असे धरून ते हिशेब मांडतात आणि बेल्ट तुंबल्यावर काय होईल हे सांगत नाहीत.

उपाय म्हणून गॅस २२,००० च्या वर गेला की गॅसपासून सॉलिड फ्युएल (घन इंधन) करणारे ३ प्लांट सुरू होतात. आता प्लांटलाच अटीची तार जोडता येत असल्याने वेगळा पंपही लागला नाही. हे इंधन बॉयलरकडे जाते. लाइटपासून १० एककांत होणारे इंधन गॅसपासून २० एककांत करणे ही उधळपट्टी आहे, हे मान्य. पण येथे काटकसर नव्हे, विल्हेवाट हवी आहे. बॉयलरच्या बेल्टवर स्प्लिटरने (बेल्टवरचा माल विभागणाऱ्या भागाने) कोळशाआधी सॉलिड फ्युएलला प्राधान्य दिले आहे, आणि काळ्या रांगेत ते ठोकळे सरकताना पाहण्यात मजा आहे.

हे लिहिताना मात्र एक अडचण दिसते आहे. गॅस जळला तरी लाइट साचतच राहणार, आणि ते क्रॅक केले तर पुन्हा गॅसच वाढणार. रॉकेट फ्युएलला १० सॉलिड फ्युएल आणि १० लाइट लागते, म्हणजे दोन्ही अडगळी एकाच यंत्रात जिरतात, शिवाय आगगाड्यांना वेगही मिळतो. त्यामुळे अणुभट्टीचे काम पुढे ढकलून बॉयलरच्या बेल्टवरूनच एक फाटा रॉकेट फ्युएलच्या असेंब्लरकडे काढतो आहे. टाकीची अट लाइटवर ठेवावी की गॅसवर, हे अजून ठरलेले नाही.