मास्क, पहिलीचा वर्ग आणि बंद खिडक्या

८ मार्च २०२१ला इंग्लंडातल्या शाळा कोविडमुळे लागलेल्या हिवाळ्यातल्या लॉकडाऊननंतर उघडल्या, तेव्हा आमच्या घरच्या तीन मुलांना तीन वेगळे नियम लागू होते. माझी मुलगी इथल्या सेकंडरी शाळेत, म्हणजे आपल्याकडच्या सातवीच्या वयाची. तिला वर्गात बसतानाही मास्क लावायचा होता. मुलगा प्रायमरीत, त्याला मास्क नव्हता. प्रायमरीच्या मुलांनी वर्गात मास्क लावावा, असं इथल्या सरकारनं शेवटपर्यंत कधी म्हटलंच नाही. तिसरा माझा भाचा, सदाशिव पेठेतला. तो पहिलीत होता आणि त्यानं पहिलीचा वर्ग पाहिलेला नव्हता, कारण त्याची शाळा उघडलेलीच नव्हती.

पुण्यातल्या मैत्रिणी, वहिन्या मला अजून विचारतात, ‘तिकडे मुलांना मास्क लावायचे का गं? बरं होतं की वाईट?’ २०२५च्या जानेवारीत एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा तर फोनवर फोन आले. पुन्हा कधी वेळ आलीच तर निदान थोडा विचार झालेला असावा, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. अक्षरं शिकणाऱ्या लहान मुलांना वर्गात मास्क नको. मोठ्या मुलांना साथ चढणीला असताना ठरावीक मुदतीपुरता चालेल. आणि या वादाच्या नादात शाळा बंद राहता कामा नये. पुण्यात ती फार काळ बंद राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इथलं आधी सांगते. त्या वर्षी माझा मुलगा हिवाळ्यात कोट घालून वर्गात बसायचा. बाहेर तीन-चार अंश तापमान आणि खिडक्या उघड्या. त्याच्या बाईंचा नियमच होता की खिडकी बंद करायची नाही, गार वाटलं तर अजून एक स्वेटर घालायचा. २०२१च्या शरद ऋतूत सरकारनं सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळांना तीन लाखांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं द्यायला सुरुवात केली. एक लहानसं पांढरं खोकं आणि त्यावर आकडा, हवेच्या दहा लाख भागांत तो वायू किती भाग आहे त्याचा. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ४२०च्या जवळपास असतो. वर्गात माणसं श्वास सोडतात तसा चढत जातो, आणि १५००च्या वर गेला की हवा कोंडलीये असं समजायचं. मुलाला त्याचं भारी आकर्षण. घरी आल्यावर जेवणात काय होतं ते सांगायच्या आधी आज आकडा कितीवर गेला आणि मग बाईंनी कुठली खिडकी उघडली, हे सांगायचा. आठ वर्षांच्या पोराला हवा खेळती असणं म्हणजे काय ते कळलं होतं.

मुलीचं वेगळं. आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाकात काडी घालून टेस्ट करायची, मग शाळेत दिवसभर मास्क. चष्म्यावर वाफ धरायची, दुपारपर्यंत मास्क ओला व्हायचा. गणितात तिला फारसं अडलं नाही. अडलं ते फ्रेंचमध्ये. नवीन भाषेचे उच्चार, शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडावर मास्क, तीस मुलांच्या तोंडावर मास्क. बाई म्हणतात काय आणि मुलं म्हणतात काय, कुणाला काही कळेना. हा तिच्या एकटीचा अनुभव नव्हता. इथल्या शिक्षण खात्याच्या पाहणीत सेकंडरीच्या ९४ टक्के शिक्षक-मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की मास्कमुळे मुलांशी बोलणं अवघड होतं. ज्या मुलांना कमी ऐकू येतं आणि जी ओठांकडे बघून समजून घेतात, त्यांचे तर हालच.

तरी एक गोष्ट मला इथली आवडली. नियम आला की त्याबरोबर तारीख यायची. वर्गातला मास्क १७ मे २०२१ला उठला. कोविडचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आल्यावर २०२२च्या जानेवारीत पुन्हा लागला, तोही २६ जानेवारीपर्यंत असं सांगून, आणि प्रत्यक्षात २० तारखेलाच काढला. मुलांना शेवट दिसत असला की मुलं पुष्कळ सोसतात.

मग मास्कचा उपयोग झाला का? यावर लोक तावातावानं भांडतात, दोन्ही बाजूंनी. जे वाचलंय ते सांगते. इथल्याच शिक्षण खात्यानं मास्क वापरणाऱ्या १२३ सेकंडरी शाळा आणि न वापरणाऱ्या शाळा यांची तुलना केली. कोविडमुळे होणारी गैरहजेरी मास्कवाल्या शाळांत ५.३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली, बाकीच्या शाळांत ५.३वरून ३.६वर. फरक आहे, पण इतका बारीक की तो योगायोगही असू शकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २८ फेब्रुवारी २०२२ला शाळांतली सक्ती उठवली. बॉस्टन आणि शेजारचं चेल्सी इथे ती पुढे चालू राहिली. जिथे मास्क गेला तिथे पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त निघाले. हा आकडा लहान नाही. पण या गावागावांत बाकीचेही फरक होते, त्यामुळे सगळं श्रेय मास्कला देता येत नाही. उलट स्पेनमधल्या कॅतालोनियात सहा वर्षांच्या मुलांना मास्क होता, पाच वर्षांच्या मुलांना नव्हता. शाळा त्याच, इमारती त्याच. तिथे बिनमास्कच्या पाच वर्षांच्या मुलांत लागण जास्त दिसली नाही. वयाबरोबर ती वाढत गेली, इतकंच.

मला यातून जे समजलं ते असं. मोठ्या मुलांनी नीट बसणारा मास्क नीट लावला तर थोडा फायदा होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी नाकाखाली लोंबता कापडी मास्क लावला तर फायदा शोधावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ऑगस्ट २०२०मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको, सहा ते अकरा वयाला परिस्थिती बघून, बारापासून मोठ्यांसारखं. आपल्या केंद्र सरकारच्या जून २०२१च्या सूचनाही याच धर्तीवर होत्या. अमेरिका मात्र दोन वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना लावा म्हणत होती. दोन वर्षांच्या मुलाला! ज्यानं तसं मूल सांभाळलंय त्यानंच सांगावं.

आता पुण्याकडे येते. माझी ताई एका मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाली. मोठे वर्ग मध्ये थोडे उघडले. पाचवीपासूनची मुलं फेब्रुवारी २०२१मध्ये आली आणि त्याच महिन्यात परत घरी गेली. पण पहिली ते चौथी? पुणे शहरात ती १६ डिसेंबर २०२१ला उघडली. तीन आठवडेही धड झाले नाहीत तोच ओमायक्रॉनमुळे परत बंद, ते थेट १ फेब्रुवारी २०२२पर्यंत. म्हणजे दुसरीत बसलेली मुलं अशी होती की ज्यांनी बाक, फळा, रांग, मधली सुट्टी यातलं काही पाहिलं नव्हतं. काहींच्या घरी एकच मोबाइल, तोही बाबांबरोबर कामावर जाणारा. आणि ही मुलं शेवटी वर्गात आली ती तोंडं झाकून.

ताईचं तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. “अगं, ‘बाळ’ म्हणतोय की ‘बाल’, मला समजतच नाही. जीभ कुठे जाते ते दाखवू कशी मी याला? ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च लिहायला एकच, म्हणायला दोन. हे मी वीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघा म्हणून शिकवत आले.” खिडकीखालून पीएमपीच्या बसा जाणार, रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर पंख्याची घरघर. त्यात मास्कमधून ओरडून तिचा घसा महिन्याभरात बसला. गणवेशाच्या कापडाचे मास्क शिवून दिले होते. डबा खाताना ते बाकावर काढून ठेवायचे आणि नंतर कुणाचा कुठला तेच कळायचं नाही. एकाचा दुसऱ्यानं लावलेला, कडा चावून ओल्या झालेल्या. आणि ज्या अर्ध्या तासात सगळी मुलं एकाच खोलीत उघड्या तोंडानं डबा खात होती, त्याचं काय?

व्हॅनचंही तसंच. पुण्यात शाळेत जाणारी कितीतरी मुलं व्हॅनकाकांच्या गाडीत एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसतात, पावसाळ्यात काचा बंद. मास्कची खरी गरज कुठे असेल तर तिथे, त्या अर्ध्या तासात. तिथे अक्षरंही शिकायची नसतात. पण व्हॅनमधून उतरताना मास्क वर ओढायचा आणि शाळेच्या गेटवर नीट दिसला पाहिजे, अशीच बहुतेकांची पद्धत पडली होती.

दुसरी बाजू मला माहीत आहे, आणि ती मी हलक्यात घेत नाही. आमच्या पुण्याच्या घरात बायपास झालेले बाबा आहेत, सत्तरी ओलांडलेली आई आहे, आणि भाचा त्यांच्याच कुशीत झोपतो. इथे इंग्लंडात आजी-आजोबा बहुतेक वेगळ्या घरात, वेगळ्या गावात. एप्रिल २०२१मध्ये पुण्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते. त्या दिवसांत कुणी म्हटलं असतं की मुलांना मास्क कशाला, तर मीही ऐकून घेतलं नसतं. मुलाला स्वतःला धोका कमी असला, तरी मूल जाऊन बसतं कुणाच्या मांडीवर, हे बघावंच लागतं.

पण मग हेही बघा. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलै २०२१मध्ये देशभर रक्ततपासणी केली. त्यात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. लहान मुलांच्या शाळा तेव्हा बंदच होत्या. लागण घरातून, वाड्यातून, सोसायटीतून आली आणि पोचायची तिथे पोचली. मुलांची दोन वर्षं मात्र त्यात गेली. हिवाळ्यातला लॉकडाऊन सोडला तर सप्टेंबर २०२०पासून वर्गात बसलेला माझा मुलगा आणि घरात बसलेला भाचा, दोघे जवळजवळ बरोबरीचे. व्हिडिओ कॉलवर एक गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचा आणि दुसरा विषय बदलायचा. मास्कच्या बदल्यात शाळा उघडणार असती, तर मी सहावीच्या मुलाला आनंदानं मास्क बांधला असता. पहिलीच्या मुलाच्या बाबतीत मी खिडक्या उघडा, वर्ग पाळीपाळीनं भरवा, पाऊस नसेल तेव्हा मैदानात बसवा, हे आधी मागितलं असतं. पुण्याची हवा अशी आहे की वर्षातले सहा-सात महिने झाडाखाली वर्ग भरू शकतो. इंग्लंडात हे कुणाला सांगितलं तर हेवा करतील.

मागच्या वेळी पुण्याला आले तेव्हा एक हवा मोजायचं यंत्र ताईला आणून दिलं. तिनं ते कपाटावर ठेवलं. रस्त्याकडच्या खिडक्या बंद आणि वर्ग भरलेला असताना आकडा दोन हजारांच्या वर. व्हरांड्याकडचं दार आणि समोरच्या दोन खिडक्या उघडल्यावर पंधरा मिनिटांत हजाराच्या खाली. मात्र वरच्या झडपांना रंगाचे इतके थर बसले होते की त्या हलतही नव्हत्या. शिपाईमामांनी पटाशी आणि हातोडी घेऊन एकेक सोडवली. वर्गात गर्मी कमी झाली, हा तिथल्या तिथे मिळालेला फायदा. त्यासाठी साथ यायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र पुणेकरांना वेगळी सांगायला नको. ३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी गेला तो पुण्यातला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मी तेव्हा पुण्यातच होते. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, औषधांच्या दुकानांतून गायब झालेले मास्क, तोंडाला बांधलेले रुमाल, आठवडाभर बंद शाळा. फ्लूची चाल कोविडसारखी नसते. तो मुलांत झपाट्यानं पसरतो, आणि २००९मध्ये म्हाताऱ्यांपेक्षा मुलं-तरुणच त्याच्या तावडीत जास्त सापडले. उद्या तसा विषाणू आला तर वर मांडलेला माझा हिशोब बदलेल. पाचवीच्या पुढच्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून चांगला, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावायला सांगेन आणि व्हॅनमध्ये तर सगळ्यांनाच. पहिलीच्या वर्गासाठी तेव्हाही आधी झडपा उघडतात का ते विचारेन. मग बाई आणि मुलं यांच्यात अंतर ठेवून, वाचनाच्या तासापुरती तोंडं मोकळी ठेवता येतील का, हे डॉक्टरांना आणि ताईसारख्या शिकवणाऱ्या बायकांना एकत्र बसवून ठरवावं, असा आग्रह धरेन. २०२१मध्ये पुण्यात निर्णय होत होते तेव्हा ताईला कुणीही काही विचारलं नव्हतं.