'पेशंट शांत आहे' म्हणजे नेमकं काय?

रात्री सलाइन उपटणारे, घरी चला म्हणून ओरडणारे आजोबा सगळ्या वॉर्डाला माहीत असतात. सुटतात त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आजी. ड्यूटी बदलताना त्यांच्याबद्दल एवढंच सांगतात, 'पेशंट शांत आहे.' डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ. ओरडणाऱ्या आजोबांचा दिसतो, पण आजींचा हा सुस्त डिलिरियम वय झालं म्हणून सोडून दिला जातो, त्याचंच वाईट वाटतं.

डिलिरियम ओळखायच्या 'फोर-ए-टी' (4AT) या चार भागांच्या चाचणीला दोन मिनिटं पुरतात. झोपलेल्या पेशंटला हाक मारून, खांद्याला हात लावून उठवा. दहा सेकंदांत नीट जागे झाले तर 0. गुंगी राहिली किंवा फार अस्वस्थ असतील तर 4. मग वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारा. एक चूक 1, दोन किंवा जास्त 2. नंतर डिसेंबरपासून उलटे महिने. सात बरोबर आले तर 0, कमी आले किंवा सुरुवातच केली नाही तर 1, गुंगीमुळे चाचणीच घेता आली नाही तर 2. शेवटी, वागण्या-बोलण्यात अचानक बदल किंवा चढउतार असेल तर 4. बेरीज 4 किंवा जास्त झाली की डिलिरियम धरून कारण शोधायला लागायचं.

आपल्याकडे गडबड दुसऱ्या-तिसऱ्या भागात होते. शाळेत न गेलेल्या आजींना जन्मतारीख आणि इंग्रजी साल दोन्ही माहीत नसतं, तिथेच 2 जातात. उलटे महिने येत नाहीत म्हणून 1 ऐवजी 2 लिहिले, की धडधाकट मेंदूची बाईही 4 वर पोचते.

म्हणून माझा भर चौथ्या भागावर. पण दुपारी डबा घेऊन आलेल्या मुलाला विचारून उपयोग नाही. 'रात्री सोबत कोण होतं?' हे आधी विचारा आणि त्या माणसाला गाठा. 'काल वात झाल्यासारखं बडबडत होत्या, आता बऱ्या आहेत' हे उत्तर म्हणजेच चढउतार. सकाळच्या राउंडला 0 आला तरी संध्याकाळी चाचणी पुन्हा घ्या.

कारण शोधताना साखर, ऑक्सिजन, सोडियम आणि जंतुसंसर्ग बघतातच. ओटीपोटाला हात लावून लघवी तुंबली नाही ना, शौचाला कधी झालं, दुखतंय का, हे राहून जातं. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध नव्याने सुरू झालंय का ते चार्टवर पाहा. रोजची झोपेची गोळी किंवा दारू अचानक बंद झाली असेल तरी हेच होतं, आणि तेही नातेवाइकांनाच विचारावं लागतं.