प्लेट सॉल्व्ह होत नसेल तर: अमावास्येच्या रात्री माळावर काय काय अडलं

परवाच्या अमावास्येला दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढणारा आमचा ग्रुप माळावर जाऊन आला. आकाश एकदम स्वच्छ, वारा जवळजवळ नाहीच, पण रात्रीचा बराचसा वेळ फोटो काढण्यापेक्षा प्लेट सॉल्व्हिंग (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखलीये ते ओळखणं) का होत नाहीये हे शोधण्यात गेला, आणि त्यातून जे हाती लागलं ते पुढच्या अमावास्येला निघणाऱ्यांच्या नक्की उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. कॅमेऱ्याने छोटं एक्स्पोजर घ्यायचं, सॉफ्टवेअरने त्यातले तारे शोधायचे, चार-चार ताऱ्यांचे गट करून त्यांच्यातल्या अंतरांची गुणोत्तरं काढायची आणि ती कॅटलॉगशी, म्हणजे ताऱ्यांच्या तयार यादीशी, जुळवायची, जुळली की फोटोचा मध्य आकाशात नेमका कुठे आहे, फ्रेम किती अंश फिरलीये आणि एका पिक्सेलमध्ये किती विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) मावतात, म्हणजे फोटोचा स्केल, हे सगळं कळतं. मग माऊंटला, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या स्टँडला, ही खरी जागा सांगून (सिंक करून) टार्गेट मधोमध आणता येतं.

फेल झालं की सगळे आधी सॉफ्टवेअरला हात घालतात, सर्च रेडियस (किती लांबपर्यंत शोधायचं ते) वाढव, सॉल्व्हर बदल, रीइन्स्टॉल कर. माझं म्हणणं आहे की आधी फोटो बघा, सॉल्व्हरने घेतलेला तोच फोटो, पूर्ण झूम करून. तारे गोल आहेत का, बारीक आहेत का, पुरेसे आहेत का. फोटो चांगला असेल तर मग आकडे तपासा, त्यानंतर डेटाबेस आणि सगळ्यात शेवटी माऊंट. हा क्रम पाळला तर अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं, हे त्या रात्री परत परत दिसलं.

पहिला अडकला एका मित्राचा ८० मिमीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण). फोकल लेंथ ४८० मिमी, त्याला नवीन ०.८ चा रिड्युसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) लावून आणलेला. टार्गेट रोझेट नेब्युला, फोटोत तारे टाचणीच्या टोकासारखे, शेकड्यांनी, तरीही दर वेळी फेल. फोटो इतका चांगला असून फेल म्हणजे आकडेच चुकलेत हे लगेच लक्षात आलं. नीना या फोटो काढायच्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलमध्ये अजून ४८० च होतं. हिशोब सोपा आहे, २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे ४८० ला १.६२ विकला आणि ३८४ ला २.०२, तब्बल पंचवीस टक्क्यांचा फरक. इथे लगेच ३८४ टाकून मोकळं होऊ नका, कारण रिड्युसर खरंच ०.८ देतो की नाही हे सेन्सरपासूनच्या अंतरावर ठरतं, मधली स्पेसर रिंग थोडी इकडेतिकडे झाली की गुणक बदलतो. आम्ही ती फाइल ॲस्टॅप या सॉल्व्हरमध्ये उघडली, फील्ड ऑफ व्ह्यूच्या (फोटोत आकाशाचा किती भाग मावतो त्याच्या) खान्यात ० टाकलं म्हणजे तो स्वतःच वेगवेगळी फील्ड लावून बघतो, थोडा वेळ घेतला पण सॉल्व्ह झालं आणि स्केल आला १.९८. उलटा हिशोब केला तर ३९२ मिमी. तो आकडा प्रोफाइलमध्ये टाकल्यावर रात्रभर दोन-तीन सेकंदांत सॉल्व्ह होत होतं. एकदा सॉल्व्ह झालेला फोटो हीच तुमच्या सेटअपची खरी मोजपट्टी आहे, बॉक्सवर छापलेल्या आकड्यावर अवलंबून राहू नका. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करून एक धरणं) बदललं तरी हाच हिशोब परत करायचा, २ बाय २ केलं की स्केल दुप्पट, काही सॉफ्टवेअर हे आपोआप धरतात पण सगळे नाही.

दुसरा ८ इंची एससीटी (आरसे आणि भिंग दोन्ही असलेली दुर्बीण), ०.६३ च्या रिड्युसरसकट फोकल लेंथ साधारण १२८० मिमी, सेन्सर जेमतेम ७.४ बाय ५ मिमी. टार्गेट सिंह राशीतली एनजीसी २९०३ ही दीर्घिका. फ्रेमची उंची फक्त ०.२२ अंश आणि लॅपटॉपवर ॲस्टॅपचा डी०५ हा ताऱ्यांचा डेटाबेस. आता डी०५ मध्ये एका चौरस अंशाला जास्तीत जास्त ५०० तारे असतात, ही फ्रेम ०.०७ चौरस अंशाची, म्हणजे कॅटलॉगमधले फार तर ३५ तारे तिच्यात पडणार, त्यातून सिंह राशीचा भाग आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब, तारे मुळात विरळ. जुळायला गटच उरत नाहीत. डी५० मध्ये हीच मर्यादा ५००० ची आहे. माळावर मोबाइलला रेंज नव्हती, नशिबाने एकाच्या पेनड्राइव्हमध्ये डी५० चा इन्स्टॉलर होता, तो टाकला, एक्स्पोजर ३ वरून ८ सेकंद केलं आणि काम झालं. याहून लहान फ्रेम असेल तर डी८० घ्या. आणि तरीही जमत नसेल तर गाइडस्कोपच्या (मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) कॅमेऱ्याने सॉल्व्ह करायचा रस्ता आहे, त्याची फ्रेम मोठी असते, फक्त गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण यांच्यातला कोनाचा फरक एकदा मोजून ठेवावा लागतो.

फिल्टरचं थोडक्यात सांगतो. ३ नॅनोमीटरचा एच-अल्फा, म्हणजे लाल प्रकाशाची अगदी अरुंद पट्टीच आत सोडणारा फिल्टर, लावून २ सेकंदांत सॉल्व्ह होईल ही अपेक्षाच ठेवू नका. सॉल्व्हसाठी ल्युमिनन्स (सगळा दृश्य प्रकाश सोडणारा) फिल्टर ठरवून द्या, नाहीतर १५-२० सेकंद द्या आणि गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवा. कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यात हॉट पिक्सेल (उगाच चमकणारे ठिपके) तारे म्हणून मोजले जातात, तिथे डाऊनसॅम्पल (सॉल्व्हआधी फोटो लहान करणं) २ ठेवल्याने खूप फरक पडतो.

तिसरा प्रकार वेगळाच. सॉल्व्ह होतंय, सिंक होतंय, पण प्लॅनेटेरियम (आकाशनकाशाच्या) ॲपमधून मृगातल्या एम४२ नेब्युलाकडे दुर्बीण वळवली (स्ल्यू केलं) की टार्गेट प्रत्येक वेळी २० कलांच्या आसपास बाजूला, तेही त्याच दिशेला, आणि जवळजवळ सगळं आरएमध्येच (आकाशातल्या पूर्व-पश्चिम कोऑर्डिनेटमध्ये). अशी एकसारखी चूक दिसली की नटबोल्ट तपासू नका, ती आकड्यांची चूक आहे. ॲप जे२००० चे, म्हणजे सन २००० प्रमाणेचे, कोऑर्डिनेट पाठवत होतं आणि माऊंट त्यांना आत्ताचे, म्हणजे जेनाऊ, समजत होता. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे विषुवबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला सरकतो, २००० पासून आत्तापर्यंत २० कलांच्या वर झाला हा फरक, आणि मृगाच्या भागात डेक (उत्तर-दक्षिण कोऑर्डिनेट) जवळपास बदलत नाही म्हणून सगळं आरएमध्ये दिसलं. माऊंटच्या ड्रायव्हरमधली इपॉकची (कोऑर्डिनेट कुठल्या वर्षाचे त्याची) सेटिंग ॲपशी जुळवली की संपलं. याउलट चूक दर वेळी वेगळी येत असेल तर मात्र क्लच, केबलचा ताण, बॅकलॅश (गिअरमधला ढिलेपणा) बघा आणि स्ल्यूनंतरचा सेटल टाइम वाढवा, नाहीतर माऊंट थरथरत असतानाच एक्स्पोजर सुरू होतं. पंधरा अंश किंवा त्याच्या पटीत चूक असेल तर वेळ चुकलीये, एक तास म्हणजे पंधरा अंश, हँडसेटमधला टाइम झोन आणि डेलाइट सेव्हिंग दोन्ही तपासा. रेखांशाचं पूर्व-पश्चिमही बघून घ्या.

आता मध्यरात्रीनंतरची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझा सेटअप संध्याकाळपासून व्यवस्थित सॉल्व्ह होत होता, मेरिडियन फ्लिप झाला (टार्गेट माथ्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडताना माऊंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटवतो तो) आणि अचानक फेल. सगळ्यांनी फ्लिपवरच बोट ठेवलं, फोटो उलटा झाला म्हणून असेल म्हणाले, पण १८० अंश फिरलेली फ्रेम सॉल्व्हरला अजिबात अडत नाही. फोटो उघडला तर प्रत्येक ताऱ्याभोवती धुरकट कडं, अंधुक तारे गायब, ताऱ्यांची संख्या आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलेली. लाल टॉर्च लेन्सवर तिरका मारला तर दवाचा पातळ थर. फ्लिप होताना केबल ताणली जाऊन ड्यू हीटरचा (लेन्सवर दव बसू नये म्हणून लावलेल्या गरम पट्टीचा) प्लग अर्धा बाहेर आला होता. प्लग बसवला, वीस मिनिटं थांबलो, लेन्स पुसली नाही, पुसू नयेच, दव स्वतः उडू द्यावं, आणि पहिल्याच फटक्यात सॉल्व्ह झालं. तेव्हा एचएफआरचा (फोटोतल्या ताऱ्यांच्या आकाराचा) ग्राफ सतत डोळ्यासमोर ठेवा, तो हळूहळू चढायला लागला की पुढे सॉल्व्हही फेल होणारच आहे, आणि अंधार पडायच्या आधी माऊंट हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून केबल कुठे अडकते का ते बघून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा: लॅपटॉपचं वायफाय बंद करा, आधीच्या कुठल्यातरी सेशनची त्याच दुर्बिणीची आणि त्याच कॅमेऱ्याची फिट्स (खगोल फोटोंचा फॉरमॅट) फाइल घ्या आणि ऑफलाइन सॉल्व्ह करून बघा. झाली तर डेटाबेस आणि आकडे दोन्ही बरोबर आहेत. ब्लाइंड सॉल्व्हरही (दुर्बीण कुठे आहे याचा अंदाज न देता सॉल्व्ह करणारा) ऑफलाइन चालणारा ठेवा, ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या सॉल्व्हरच्या इंडेक्स फाइल्स (ताऱ्यांच्या गटांच्या याद्या) आपल्या फ्रेमच्या साधारण १० ते १०० टक्के आकाराच्या लागतात, सगळ्या उतरवायची गरज नाही. आणि चांगला सॉल्व्ह झालेला एक फोटो लॅपटॉपवर वेगळा काढून ठेवा, माळावर काही अडलं तर तोच परत सॉल्व्हरला द्या. तो सुटला तर दोष आत्ताच्या फोटोत किंवा माऊंटच्या अंदाजात आहे, सुटला नाही तर सेटिंगमध्ये काहीतरी बदललंय.