वॉचमनच्या आईची शेगडी

भाऊबीज झाली की आठ-दहा दिवसांत आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळहून परत येतो. त्यांच्याकडे तिला भाईटीका म्हणतात, आणि बहिणीचा टीका लागल्याशिवाय तो गाव सोडत नाही. यंदा आल्या आल्या म्हणाला, "काका, गावात आता लाईट जात नाय. आईने करंटवाली शेगडी घेतली."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी उभी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये. त्याच्या त्या वाक्याने मला फार आनंद झाला. २००९च्या सुरुवातीला नेपाळमध्ये दिवसाला सोळा-सोळा तास लोडशेडिंग होतं.

तिथली बहुतेक जलविद्युत केंद्रं वाहत्या नदीवर चालतात, पाणी साठवायला मोठं धरण नाही. पावसाळ्यात वीज उरते आणि ती आपण घेतो. पौष-माघात नद्या रोडावतात, तेव्हा ते आपल्याकडून घेतात. २०१६ साली नेपाळमधल्या ढल्केबर ते बिहारमधल्या मुझफ्फरपूर अशी वीजवाहिनी सुरू झाली आणि या देवघेवीला मोठा रस्ता मिळाला. भूतानचं तर त्याआधीपासून आहे. १९७४च्या करारातून भारताच्या पैशाने ३३६ मेगावॉटचं चुखा जलविद्युत केंद्र तिथे उभं राहिलं.

पण लाइन ओढली म्हणजे झालं, असं नसतं. या दोन्ही देशांची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, आपल्या ग्रिडशी सिंक्रोनाइझ आहे. म्हणजे एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा सेट मिनिटाला तीन हजार फेरे घेतो तो सेकंदाला पन्नास ठोक्यांच्या ज्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ५० हर्ट्‌झवर, त्याच ठोक्यावर तिकडची मशीनं फिरतात. एकाकडे मोठा बिघाड झाला तर हिसका दुसऱ्याला बसतो. एवढा जीव दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर आधीची ओळख लागते.

ती होती. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ साली त्याच प्रेसमध्ये छापल्या गेल्या, हे ते अभिमानाने सांगत. आपलं चलन शेजाऱ्याकडे छापायला देणं ही लहान गोष्ट नाही. शिवाय सीमेवर व्हिसा नाही, सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी आहेत.

नात्यात रुसवेही आहेत. १९५४च्या कोसी नदीच्या करारात नेपाळला कमी मिळालं, ही तिथली सल जुनी आहे. २०१५च्या शेवटी सीमेवर ट्रक अडले आणि काठमांडूत गॅस मिळेना. त्या हिवाळ्यात आमच्या वॉचमनच्या आईने लाकडं जाळून स्वयंपाक केला. मला ते आजही लागतं. तरी २०१९मध्ये मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये नेपाळची वीज आपल्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात पोचली.

काल रात्री गेटवर त्याने विचारलं, "काका, तुमच्या एकलहऱ्याची लाईट आमच्याकडे जाते का?"

मी मोबाइलवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी उघडून दाखवली. ४९.९८.

"हा आकडा एकलहऱ्याचा," मी म्हटलं, "आणि आत्ता तुझ्या आईच्या शेगडीचाही."